हक्काची भेग

चौथीच्या वर्गाच्या छताला पडलेली भेग म्हणजे शाळा मंडळाच्या सदस्यसाहेबांची हक्काची मतं. मतदान त्याच वर्गात व्हायचं. रांगेतले पालक मान वर करून भेग बघायचे आणि दुरुस्तीचा शब्द देणाऱ्या साहेबांनाच निवडून द्यायचे. नंतर गवंडी दारात आला की साहेब हसून म्हणायचे, "घाई काय आहे? पुढच्या निवडणुकीपर्यंत तग धरेल छत."

या खेपेला मतपेटीवरच मूठभर माती पडली. साहेबांनी ती हातानं झटकली आणि तिसऱ्यांदा निवडून आले.

शाळा उघडली त्या दिवशी साहेबांची चौथीत गेलेली नात उड्या मारतच घरी आली.

"आजोबा, चौथीच्या बाईंनी मला बरोबर भेगेखाली बसवलंय. म्हणाल्या, आता बघू तुझ्या आजोबांना घाई होते का."