नऊ हजारांतली एक तक्रार

तिसरी तक्रार आली तशी राजशेखरनं आजऱ्याच्या काजूवालीची साइट बंद करून टाकली.

शाहूपुरीतल्या दोन खोल्यांत बसून तो लोकांच्या वेबसाइटना जागा भाड्यानं द्यायचा. साल २००३. त्याच्या करारात एक कलम ठळक छापलेलं होतं: समोरच्यानं न मागता घाऊक ईमेल पाठवले, की साइट बंद. कलम उगाच नव्हतं. एकाच्या उपद्व्यापानं अख्खा सर्व्हर काळ्या यादीत जायचा. मागं तसं झालं, तेव्हा हंबीरराव फौंड्रीवाल्यांचं जर्मनीला धाडलेलं कोटेशन वाटेतूनच परत आलं होतं. हंबीररावांनी भर रस्त्यात त्याची शोभा केली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काजूवाली स्वतःच येऊन थडकली. नजीरा मुल्ला. वय चाळिशीचं, आवाज खणखणीत.

"साइट का बंद केलीसा?"

"ताई, नऊ हजार लोकांना मेल धाडलेत तुम्ही. दर शुक्रवारी."

"धाडलं की. पण काजू न्हाय इकलं त्यात. वाचलंसा तरी?"

वाचले नव्हते. त्यानं एक उघडला. इंग्रजी अक्षरांत मराठी होतं. 'खिजर, यंदा मोहर चांगला आलाय. अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तू कुठं हायस? तुझी आपा.'

"धाकटा भाऊ," नजीरा म्हणाली. "अकरा वर्सं झाली. माझ्याशी भांडला आन् गेला आखातात. पत्ता न्हाय. तिकडं ऱ्हाणाऱ्या लोकांच्या ईमेलची सीडी मिळाली, घेतली. सगळ्यांनाच धाडतो. त्यातला एक तर त्यो असंल."

"पण तक्रारी आल्या, ताई," राजशेखर म्हणाला.

"किती जणांनी तक्रार केली?"

"एकानंच. तीनदा."

"कोण त्यो?"

"ते सांगता येत नाही, ताई. आणि नियम सगळ्यांना एकच."

नजीरा उठली. दाराशी थांबून म्हणाली, "व्हय. तुमचं बी बरोबर हाय." आणि जिना उतरून गेली.

त्याला चैन पडेना. नऊ हजारांतल्या बाकीच्यांनी मुकाट्यानं पत्रं पुसून टाकली असतील. हा एकटाच इतका का चिडावा? तिन्ही तक्रारी त्यानं पुन्हा काढल्या. कोरडं, कचेरीतलं इंग्रजी. 'हे पत्र मी मागितलेलं नाही. ताबडतोब थांबवा.' खाली नाव नाही, मस्कतच्या कुठल्याशा कंपनीचा ईमेल पत्ता.

शेवटी रीतीप्रमाणं त्यानं त्या पत्त्यावर कळवलं: आपली तक्रार योग्य होती. साइट कायमची बंद केली आहे. यापुढे पत्रं येणार नाहीत.

वीस मिनिटांत उत्तर आलं. या वेळी इंग्रजी नव्हतं.

'खरंच बंद केलीसा व्हय? आवो, आमची आपा जल्मात माझं कदी ऐकत न्हाय. थांबवा म्हटलं की उलट जास्तच धाडंल, म्हणून लिवलं व्हतं.'