बाकापर्यंतची रेंज

"काकू, दोन खोल्यांना एवढा मोठा नको," दुकानदार चौथ्यांदा म्हणाला.

चार अँटेनांचा काळा राउटर काउंटरवर उताणा पडला होता. टाइमकीपर स्टुलावर बसून होता. बत्तीस वर्षं बसडेपोत गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहून तो निवृत्त झाला होता, आणि त्याचे गुडघे त्याच्याही आधी निवृत्त झाले होते. हे आजचं तिसरं दुकान. टीव्हीचा रिमोट हातात धरायचाही जिला कंटाळा, त्या त्याच्या बायकोने राउटर या एका विषयावर महिनाभर त्याचं डोकं खाल्लं होतं.

महिन्यापूर्वी इंटरनेट कंपनीचा माणूस जुना मोडेम काढून घेऊन गेला आणि नवा बसवून गेला. नवा डबा, नवं नाव, नवा पासवर्ड. घरात छान चालायचा. "मग बिघडलंय काय?" असं टाइमकीपरने विचारलं की बायको एवढंच म्हणायची, "कंपनीचा नको. आपल्या पसंतीचा घेऊ." तिचं जेवण कमी झालं होतं. संध्याकाळी ती फोन घेऊन बसायची, बघायची आणि ठेवून द्यायची. शेवटी तो कंटाळून निघाला.

"याची रेंज कुठपर्यंत जाते?" तिने विचारलं.

"मधे भिंती किती?"

"दोन. आणि खाली दोन मजले."

"खाली कुणाला द्यायचंय नेट?" दुकानदार हसला. ती हसली नाही.

"आणि कोण कोण जोडलंय त्याची यादी फोनवर दिसते का?"

"दिसते ना. कोण कधी आलं, वेळेसकट."

"मग हाच द्या."

दुपारी दुकानातला माणूस बसवायला आला. कंपनीच्या डब्याची वायर काढून त्याने या डब्यात खोचली, फोनवर काहीबाही दाबलं आणि विचारलं, "नाव काय ठेवू?"

"ठेवा काहीही," टाइमकीपर म्हणाला. त्याला आडवं व्हायचं होतं.

बायकोने कपाटातून एक चतकोर कागद काढला. घडी घालून घालून तो मधोमध फाटायला आला होता. "जुनंच नाव ठेवा. पासवर्डही हाच."

"बदला, काकू. एवढा जुना पासवर्ड कुणाकुणाकडे गेला असेल. ज्याच्या फोनला तो माहीत आहे, तो फोन जवळ आला की आपोआप जोडला जाणार."

"जाऊ दे जोडला."

कागदावरचं अक्षर टाइमकीपरने ओळखलं आणि तोंड फिरवलं. ते पोराचं होतं. साहेबांचे उंबरे झिजवून टाइमकीपरने त्याला डेपोत चिकटवलं होतं. पोराने दोन महिन्यांत ती नोकरी सोडली आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्या दिवशी शब्दाने शब्द वाढला. "पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस," टाइमकीपर म्हणाला, आणि पोराला फोन करणार नाही अशी शपथ त्याने बायकोकडूनही घेतली. त्याला तीन वर्षं झाली. दाराचं कुलूप त्याने दुसऱ्याच दिवशी बदललं होतं. पासवर्ड बदलायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

बसवणारा गेला. बायको फोन समोर ठेवून बसली. यादीत तीन नावं होती: त्याचा फोन, तिचा फोन, टीव्ही. सहा वाजले. ती चहा करायचं विसरली.

सहा वाजून दहा मिनिटांनी चौथं नाव उमटलं. ढब्बू.

"आला," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

टाइमकीपरने दाराकडे बघितलं. दार बंद होतं. "कुठे?"

"खाली. पार्किंगच्या मागच्या बाकावर. शेजारच्या वहिनींनी बघितलंय. रोज येतो, वीस मिनिटं बसतो, जातो. आपल्या खिडकीतून दिसत नाही तो बाक." तिने डोळे पुसले. "मी फोन नाही केला हं. शपथ पाळलीय. फक्त यादी बघायचे. नवा डबा आला आणि तेवढंही गेलं."

"फुकटचं नेट वापरायला येत असेल."

"मोबाइलचं दुकान आहे त्याचं. त्याला नेटची काय कमी?"

टाइमकीपरने फोन हातात घेतला. ढब्बू. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून हे नाव त्यानेच ठेवलं होतं, आणि पोराने अजून ते टाकलं नव्हतं. नावापुढे वेळ होती, त्याखाली 'ब्लॉक करा' असं लाल बटण. तीन वर्षं एक गाडी रोज वेळेवर येऊन जात होती, आणि वेळा लिहिण्यात हयात घालवलेल्या माणसाला तिचा पत्ता नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला, भिंतीपाशी गेला आणि त्याने राउटरचा प्लग उपसला. हिरवे दिवे विझले.

"अहो, काय करताय!" ती ओरडली. "एवढंही बघवत नाही का तुम्हाला?"

"ओरडू नकोस. सतरा मिनिटं आहेत अजून." त्याने फोन तिच्या हातात दिला. "तुझी शपथ सुटली. लाव त्याला फोन. म्हणावं, नवीन राउटर चालत नाहीये, वर येऊन बघ."