दहा पायऱ्यांची शिडी

माणसाचं सुख आता अचूक मोजता येतं, आणि मोजता येतं म्हणूनच ते वाढवताही येतं, हा मानवजातीचा आजवरचा सर्वांत मोठा शोध आहे, असं पाहणीवाल्या बाईंनी उंबऱ्यातच सांगून टाकलं. मग पिशवी चाचपली आणि घरात एखादं चालणारं पेन आहे का, असं विचारलं.

रंगाऱ्याच्या बायकोने पेन शोधून दिलं. रंगारी खाटेवर होता. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडल्यापासून त्याचं मानेखालचं काही हलत नव्हतं. मानेवरचं मात्र पूर्वीपेक्षा जास्त चालायचं, अशी बायकोची तक्रार होती.

सुखवृद्धी योजनेतून त्यांच्याकडे रोज दुपारी चार तास एक मदतनीस यायची. ती त्याला कुशीवर वळवायची, पुसून काढायची, भरवायची, आणि तेवढ्या वेळात बायको झोपायची. उरलेल्या वीस तासांत ती नुसते डोळे मिटायची. हे चार तास राहणार की जाणार, ते आज ठरायचं होतं. मागच्या मोजणीत रंगाऱ्याने दहापैकी चार सांगितले होते. पुन्हा चारच निघाले तर योजनेचा उपयोग नाही, म्हणून मदत बंद. सात निघाले तर माणूस सुखी झाला, म्हणून मदत बंद. ही आतली बातमी मदतनिसीनेच दिली होती. तेव्हा सहा सांगायचे, असं नवराबायकोचं ठरलं. पाच म्हणजे अगदीच हात आखडल्यासारखं दिसतं, असं तिचं मत पडलं. पण ऐन वेळी खरं बोलून जायचं ही रंगाऱ्याची जुनी खोड, म्हणून आठवणीसाठी ती आतून चमचा सहा वेळा वाजवणार होती.

आज मदतनीस आली नव्हती. मोजणीच्या दिवशी तिने यायचं नाही, असा नियमच होता. ती आली की माणसाला बरं वाटतं आणि आकडा फुगतो. त्यामुळे बायको कालपासून जागीच होती. नातेवाइकांनीही खोलीत थांबायचं नसतं, म्हणून बाईंनी तिला स्वयंपाकघरात पाठवलं. ती दार लोटून गेली, आणि इकडे एक माशी येऊन रंगाऱ्याच्या नाकावर बसली.

त्याने खालचा ओठ पुढे काढून फुंकर मारली. माशी उठली, एक घिरटी घातली आणि होती तिथेच परत बसली. बाईंचा हात अर्धवट वर गेला आणि खाली आला. आकडा लिहून होईपर्यंत उत्तर देणाऱ्याच्या सुखात कुठल्याही प्रकारे भर घालायची नाही, असं प्रशिक्षणात तीनदा बजावलं होतं, हे त्यांनी ओशाळून सांगितलं. पंखाही त्यांना वाढवता येत नव्हता. रंगारी म्हणाला, राहू दे, तिचं आणि माझं रोजचंच आहे.

बाईंनी कागद त्याच्या तोंडापुढे धरला. त्यावर दहा पायऱ्यांची शिडी काढलेली होती. सगळ्यांत वर उत्तमात उत्तम आयुष्य, सगळ्यांत खाली वाईटात वाईट. आपण कितव्या पायरीवर उभे आहोत, एवढंच डोळ्यांपुढे आणायचं होतं.

हे चित्र चौतीस वर्षं रंगकाम केलेल्या माणसापुढे धरलं जाईल, असं काढणाऱ्याला वाटलं नसावं. रंगाऱ्याने शिडी वरपासून खालपर्यंत पाहिली. वरच्या दोन पायऱ्या उभं राहायला नसतात, तिथे डबा अडकवतात, आणि उत्तम आयुष्य तिथे नेऊन ठेवणारा माणूस जन्मात शिडीवर चढलेला नाही, असं त्याने सांगितलं. शिवाय ही शिडी कशालाच टेकलेली नव्हती. बाईंनी घाईघाईने मागे भिंत आहे असं समजायला सांगितलं. त्याने समजली. मग भिंत ओली की कोरडी, ते विचारलं.

"काका, तुम्ही नुसता आकडा सांगा," बाई म्हणाल्या. त्यांना संध्याकाळपर्यंत आणखी नऊ घरांचं सुख मोजायचं होतं.

"सांगतो. खाली धरलीय कुणी?"

"चित्रात कुणी नाहीये."

"मग मी नाही चढत. मागे असाच चढलो होतो."

उत्तर नाही म्हणजे प्रकरण बंद, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि शिडीच्या पायाशी एक गोल डोकं, दोन हात, दोन पाय काढले. याला मनाई आहे की नाही ते त्यांना आठवेना. असं कुणी करील हे नियम करणाऱ्यांना सुचलंच नव्हतं.

रंगाऱ्याने त्या गोल डोक्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हे कोण?"

"काकू समजा."

"जागी आहे का ती?"

आत चमचा वाजला. एक. दोन. तीन. मग बऱ्याच वेळाने चार. बाईंनी कागदावर पेन टेकवलं. रंगाऱ्याने श्वास रोखून धरला. पाचवा ठोका आलाच नाही. त्याऐवजी स्वयंपाकघरातून हलकं, एका लयीत घोरणं ऐकू येऊ लागलं.

माशी चालत चालत त्याच्या नाकपुडीशी आली.

"काका, चार लिहू?" बाईंनी हळूच विचारलं.

"आकड्याचं मागाहून बघू," रंगारी कुजबुजला. "आधी एवढी माशी हाकला. शिंक आली तर तिची झोप मोडेल."