कडूबाईच्या रोपातला रस्ता

कडूबाईनं पुढच्या गाडीची चावी उपटली आणि कनवटीला खोचली. "आता जा," ती म्हणाली. "जा की, कुठं जायाचं ते!"

गाडी कांद्याच्या रोपात उभी होती. दोन वाफे तुडवून तिसऱ्यात पुढचं चाक रुतलेलं. रोप महिन्याचं, चांगलं वीतभर वर आलेलं. पंधरा दिवसांत लागवडीला आलं असतं. मागं बांधावर आणखी चार गाड्या घुरघुरत होत्या. त्यांना पुढं जायचं होतं. पुढं म्हणजे उरलेल्या वाफ्यांवरूनच, दुसरं कुठनं?

"मावशी, रस्ता दाखवतंय म्हणून आलो आम्ही," सोमनाथ हेल्मेट काढत म्हणाला. हँडलवरचा मोबाईल त्यानं तिच्याकडं वळवला. नकाशावरची एक निळी रेघ तिच्या वावरातून आरपार गेली होती.

"कुणाच्या बापानं काढला रस्ता? तीन ऐतवार झाले! पहिल्यांदा दोघं आले, मागल्या बारीला सात. बोराटीच्या फांद्या आडव्या टाकल्या, तर मेल्यांनी उचलून कडंला फेकल्या. आन् तू मला फोन दावतो व्हय?"

तिचं काय चुकलं? काहीच नाही.

सोमनाथ वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर. शहरातल्या छावणी भागातून दर रविवारी निघणाऱ्या या पाच जणांचा म्होरक्या. म्हैसमाळला जाताना रस्ता दाखवणारं कुठलं ॲप लावायचं यावर त्यानं आठवडाभर ग्रुपवर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. एक ॲप सगळ्यांना एकाच गर्दीत नेऊन घालतं. एकाला सारखी रेंज लागते. एक नुसतं वळणं शोधत बसतं. शेवटी त्यानं हे निवडलं, कारण यात गाडीवाल्यांनी स्वतः हिंडून टाकलेल्या वाटा होत्या. दौलताबादच्या रस्त्यावरल्या अरुंद जुन्या दरवाजातली रविवारची कोंडी टाळणारी ही वाट त्याच्यात होती, पाचपैकी पाच तारे मिळालेली.

"मैं बोल्या था ना भाई, रोज का मॅप लगाओ!" मागून ओवैस ओरडला. त्यानं आपली गाडी बंद केली, बाकीच्यांनाही बंद करायला लावली. "आधा घंटा दरवाजे में खडे रहते, क्या बिगडता था?"

"थांब रे." सोमनाथ मोबाईलवर भराभरा बोटं मारू लागला. "मावशी, तक्रार टाकतो मी. वाट बंद आहे म्हणून. दोन मिनिटांचं काम. मग चावी द्या."

त्यानं लिहिलं, पाठवलं. काचेवर काहीतरी उमटलं. ते वाचून त्यानं मोबाईल उलटा केला. त्याचे कान लाल झाले होते.

"काय म्हंतंय?" कडूबाईनं विचारलं.

"रेंज नाही, मावशी."

ओवैस बांधावरून चालत आला होता. त्यानं सरळ मोबाईल हिसकावून घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "स्वतः टाकलेल्या वाटेविरुद्ध तक्रार करता येत नाही." मग सोमनाथकडं वळला. "भाई, ये रास्ता तूने डाला?"

"मे महिन्यात एकटाच आलो होतो. तेव्हा इथं काही नव्हतं रे. नुसती ढेकळं होती. बैलगाडीची चाकोरी होती."

खोटारडा लेकाचा. वाट पुसायची त्याची तयारीच नव्हती. तक्रारीचं नाटक करून चावी तेवढी सोडवायची होती.

कडूबाईचा आवाज आता चढला नाही, उलट खाली आला. "उन्हाळ्यात वावर मोकळं असतंय. गाव जातं-येतं त्यातनं. आम्ही कुणाला नाय म्हणलो का कधी? पेरणी झाली की ती वाट मोडती. हे शेरडं वळणाऱ्या पोरालाबी कळतंय. तू कुठला रे?"

ओवैसनं सांगून टाकलं. त्याला आता काही झाकायचं नव्हतं. "टेकडीपल्याडच्या गावचा हाय तो, मावशी. घरची शेती हाय. बाप शेतीच करतो त्याचा."

"शेतकऱ्याचा हायेस व्हय!" कडूबाई त्याला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली. "पूस ते. आत्ताच्या आत्ता पूस!"

त्यानं ओवैसकडून मोबाईल घेऊन पुसलं. निळी रेघ गेली. "पण मावशी, चाळीसेक जणांनी आधीच उतरवून घेतलीय ती. त्यांच्या मोबाईलमधली मला पुसता येत नाही."

"म्हंजी ते येणारच."

"येतील."

"घरचं बियाणं व्हतं रे माझं," ती म्हणाली. "दोन एकरात लावायचं रोप हाय हे. निम्मं तर तुमीच तुडवलं. ह्या दिसात दुसरं कुठून आणू मी? सांग ना!" तिनं पदरानं तोंड पुसलं. मग कनवटीची चावी काढून मुठीत धरली.

"ऐक. तुमच्या गावावरनंबी म्हैसमाळला निघता येतं. माझं माहेर हाय तिकडं, मला नको शिकवू. टाक नवी वाट त्याच्यात. तुझ्या बापाच्या वावरातनं टाक. चाळीसच्या चाळीस तिकडं जाऊ दे. मंग घे चावी."

ओवैसनं सोमनाथला मोबाईलकडं खूण केली. बाकीचे तिघंही बांधावर येऊन उभे राहिले होते. सोमनाथनं नकाशा टेकडीपलीकडं सरकवला. गाव आलं, ओढा आला, ओढ्याकाठचं बापाचं वावर आलं. त्याचं बोट काचेवर नुसतंच अधांतरी राहिलं.

"टाक," कडूबाई म्हणाली.

"मावशी," तो मान वर न करता म्हणाला, "आमच्यात हरभरा हाय आत्ता."