फिटच्या जागेवरचा शब्द

"शैलाताई, उखाणा घ्या," डॉक्टर म्हणाले. कवटी उघडली होती, तरी शैलाला मुद्दाम जागं ठेवलं होतं. जिथून फिट उठते ती जागा कापायची होती, आणि तिथे साठवलेला शब्द कायमचा जाणार होता. तो शब्द तोंडून आला की मेंदूला जोडलेल्या यंत्राचा पडदा लाल होणार होता. पायाशी बसलेला तिचा नवरा दिगंबर मास्कची नाडी सारखी ओढत होता.

शैलाने यमक जुळवून नवऱ्याचं नाव घेतलं. पडदा हिरवाच राहिला. दिगंबरच्या जिवात जीव आला.

"अहो, घाबरू नका," ती म्हणाली, आणि पडदा लालभडक झाला.

डॉक्टर थांबले.

"कापा एकदाचं," शैलाच म्हणाली.

संध्याकाळी खाटेवरून तिची हाक आली, "दिगंबर!"

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. कोणाला बोलावतेय ते पाहायला दिगंबर मागे वळला.