पाण्यातला गणपती

मुलांनो, कल्पना करा, तुमच्या देवघरातला पितळी गणपती सकाळपासून पातेल्यात, पाण्याखाली बसला आहे. नारायण पेठेत ऋचाच्या घरी आज तसंच होतं. बाबांचं मोठं ऑपरेशन चालू होतं, आई दवाखान्यात होती आणि घरी आजोबांनी देव पाण्यात ठेवला होता. बाबा सुखरूप असल्याचं कळलं, की मगच त्याला बाहेर काढायचं.

ऋचाने पातेल्याशेजारी बसून नाक दाबून धरलं. तीस आकडे मोजायच्या आतच तिला तोंड उघडावं लागलं.

"आजोबा, माझा श्वास संपला. याचा कसा नाही संपत?"

"याचाही संपला असता, तर याच्यावर भार टाकला असता का कोणी? आपला संपतो, म्हणून तर याला धरायचं. आता जरा गप्प बस."

तेवढ्यात आईचा फोन आला. "सगळं नीट झालं. शुद्धीवर आलेत. ऋचा जेवली का, विचारतायत."

आजोबांना नुसतं "बरं" एवढंच म्हणता आलं. फोन ठेवून ते पातेल्यासमोर मटकन बसले आणि हात जोडून हमसून हमसून रडू लागले.

देवाला पुसायला ऋचा धावत जाऊन धुतलेला पंचा घेऊन आली, आणि तिने आधी आजोबांचे डोळे पुसले.