नाव घ्या

गरोदर मृणालला घाट उतरून दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडी सारखी उजवीकडे ओढत होती. शैलजाबाईंनी अंगणातच वाकून टायरवरून हात फिरवला. उजव्या टायरची कड झिजून गुळगुळीत झाली होती. डावी बाजू दाबून पाहिली, तर ती ताठ, खाली जाईना.

"डावीकडे बसणाऱ्यांचं वजन धरून मी ती बाजू उचलून ठेवते," गाडी म्हणाली. "पण वर्षभर तिथे कोणी बसलेलं नाही. कोणाचं वजन विसरू? नाव घ्या."

शैलजाबाई येरझारा घालू लागल्या. लग्नापासून 'अहो' आणि 'हे' यांवरच भागलं होतं. नाव घेतलं ते फक्त उखाण्यात.

"आई, घाटात टायर फुटला म्हणजे? घे की नाव. या वयात लाजतेस काय!"

"लाजत नाही गं. घेतलं की गाडीतूनही जातील ना ते."

मृणालचा हात पोटावर गेला. ते पाहून शैलजाबाई थांबल्या आणि उखाण्याशिवाय, नुसतंच म्हणाल्या, "दिनकर."

गाडीची डावी बाजू सावकाश खाली गेली. ते दार उघडून आत बसायचे, तेव्हा जायची तशीच.